सांदवाडीतला ओटा

माय, आज घरामागचा ओटा बांधून झाला. गवंडी गेला, आणि त्याच्याशी दिवसभर भांडून मी थकले आहे. उतार कुठे द्यायचा ते त्याला कळत नव्हतं. मला कळत होतं, कारण मी तुला उतार काढताना पाहिलं आहे. कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर सांगायच्या, पत्ता ठाऊक नसेल तर पत्र लिहायला बसू नये. त्यांचं पुष्कळ ऐकलं, एवढं ऐकत नाही.

सिंदेवाहीकडची आपली सांदवाडी, म्हणजे घरामागचं परस, तू हाती घेतलीस त्या उन्हाळ्यात मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीत आले होते. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणायचे. त्या सांदवाडीत होतं तरी काय? विहिरीभोवतीचा चिखल, उकिरडा, म्हशीचा गोठा आणि गोठ्याला लागून एक पडवी. महिन्याचे ते चार दिवस तुला त्या पडवीत बसावं लागे. घरात काकू रांधायची, तुझं ताट लांबून सरकवायची, आणि तू माश्या हाकत जेवायचीस. मला संताप यायचा. तुझं म्हणणं वेगळंच होतं. एरवी पहाटेपासून तुझी पाठ टेकत नसे. या चार दिवसांत मात्र कुणी तुला कशाला हात लावू देत नसे. तेवढी विश्रांती तरी तुला स्वच्छ जागी हवी होती. म्हणून तू उकिरडा उचलून टाकलास, मुरूम पसरून जमीन सारखी केलीस, दगडमातीचा रुंद ओटा रचलास. वर बांबूच्या आढ्यावर जुनी कवेलू, म्हणजे कौलं, चढवलीस, घराच्या बाजूने तट्टी बांधून तिच्यावर दोडक्याचा वेल सोडलास आणि तलावाची बाजू वाऱ्यासाठी मोकळी ठेवलीस. न्हाणीचं पाणी चर खणून केळीला नेलंस. ओट्याशेजारी एक वेगळा रांजणही पुरलास, म्हणजे पाण्यासाठी कुणाला हाक मारायला नको.

मी माती कालवत होते. मध्येच तू विचारलंस, "तुह्या सिस्टराइच्या इथी पोरी कुठी बसतेत त्या दिवसात?"

"वर्गात."

"वर्गात कशा बसतीन? बाहेर कुठी बसतेत ते इचारून राह्यली मी."

"कुठंच नाही गं. बाकावर. सगळ्यांसोबत."

तू थापी खाली ठेवलीस. "मंग त्याइले आराम केवा भेटते?"

मी मातीत आणखी पाणी ओतलं आणि कालवत राहिले.

त्या ओट्यावर तू एकदाच बसलीस. मला ती दुपार दिसते आहे: तू खांबाला टेकली आहेस, पाय पसरलेले, तोंड किंचित उघडं. तू झोपली आहेस. दिवसाउजेडी तुला झोपलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग बाबांनी ओटा पाहिला. दुसऱ्या दिवशी पटवारी आला, त्याच्या मागून जंगल ठेकेदाराचा मुन्शी. संध्याकाळी वारा तलावावरून यायचा, आणि या तिघांची बैठक तिथेच पडू लागली. आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो यात कुणाचं काय भलं होणार, यावर रोज तोच वाद. "वैनी, जागा फस्कलास केली हो!" पटवारी तट्टीआडून ओरडायचा आणि तू चहा पाठवायचीस. ती जागा कशासाठी आहे हे बाबांना कळलं नव्हतं, आणि पुरुषांना ते सांगायचं कुणी? विटाळ हा शब्द बायका पुरुषांसमोर तोंडी आणत नसत. पुरुषांच्या बैठकीवर विटाळशीला बसता येत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात तू पुन्हा गोठ्याच्या पडवीत जाऊन बसलीस.

त्या संध्याकाळी चहा घेऊन मी गेले. कपबश्या ठेवल्या, आणि शाळेत पाठ म्हणायला उभी राहावी तशी उभी राहून म्हणाले, "ही आईची विटाळाची जागा आहे. तिनं ती स्वतःसाठी बांधली. तुम्ही उठा."

मुन्शीची बशी ओठाशी थांबली. पटवारी "राम राम राम" करत एक चप्पल तिथेच टाकून पळाला. मुन्शी विहिरीवर गेला आणि त्याने कपड्यांसकट बादली अंगावर ओतून घेतली. मला हसू आवरेना. बाबा ओरडले नाहीत, नुसते म्हणाले, "शिकवा अजून कॉन्व्हेंटात."

तू पडवीतून सगळं ऐकलं होतंस. मी जवळ आले तशी म्हणालीस, "काऊन बोलली तू?"

"खरं तेच बोलले."

"पानकळा लागला असता, मंग हे आले असते काय चिखल तुडवत? चार महिने मीच बसली असती तिथी. तुले दम नाई."

दोन दिवसांनी बाबांनी तो ओटा आढ्यापर्यंत तणसाने भरला. गुरांच्या चाऱ्याला कोरडी जागा झाली, म्हणाले. पुढे तुझे ते दिवस संपेपर्यंत, आणि नंतरही, तणस तिथेच राहिलं.

तुझा हिशेब बरोबर असेल, माय. पण स्वतः रचलेल्या ओट्यावर बसायला तुला चिखलाची वाट पाहावी लागावी, याची चीड मला आजही येते. मी बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. तू पडवीतून आवाज दिला असतास तर आपण दोघींनी मिळून त्यांना उठवलं असतं. तू तसं केलं नाहीस, आणि याबद्दल मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे.

गडचिरोलीत माझं हे घर माझ्या नावावर आहे. मी लग्न केलं नाही, नोकरी केली, तीही संपली. माझा ओटा कुणी घेणार नाही. पाठ टेकायला भिंत आहे, वर वेलीसाठी तारा ओढल्या आहेत, पाणी झाडांकडे जातं. भाच्याला तिथे झोपाळा हवा आहे. त्याला म्हटलं, तुझ्या घरी टांग. संध्याकाळी मी जाऊन बसले. बसते न बसते तोच दूध आठवलं. पुन्हा बसले, तर फडकं वाळत घालायचं राहिलं होतं. मग केराची सुपली. आता महिन्याचे सगळे दिवस माझे आहेत, आणि मला बसता येत नाही.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. विटाळ या शब्दाशी मी जन्मभर भांडले, भाच्यांच्या घरांतून तो हुसकून लावला. आणि आज त्या ओट्यावरून उठताना वाटलं, दारातून कुणीतरी खेकसावं, "शिवू नको कशाले. बस तिथीच." मी बसले असते.