हलकी गाडी, रोजच्या वापराला

२ फेब्रुवारी
मोठी गाडी विकून टाकली, स्पोर्ट्स कार घरी आणली. दोन सीट, वजन जवळजवळ नाहीच. सेकंडहँड आहे, पण तसं वाटत नाही. बायकोने विचारलं, ही शोभेची का? म्हटलं, रोजची. ऑफिस, बाजार, सगळं हिच्यातूनच. ती हसली नाही. होईल सवय.

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन याच महिन्यात. फोनवर शब्द दिला, हॉस्पिटलमधून घरी आणायला तुमचा थोरला लेकच येणार, याच गाडीतून. नक्की ना, नक्की ना, असं विचारत राहिले. इतके खूश.

३ फेब्रुवारी
बसण्याचं एक तंत्र आहे. आधी बूड, मग डोकं, मग पाय. उतरण्याचं तंत्र अजून सापडायचंय. पार्किंगच्या तिकीट मशीनपर्यंत हात पोचेना. दार उघडून अर्धा बाहेर लोंबकळलो. मागून हॉर्न. जळतात लोक.

७ फेब्रुवारी
आमच्या रस्त्यावरचा स्पीडब्रेकर चुकीचा बांधलाय. बायकोला आधी उतरवायचं, गाडी तिरकी घालून पार करायची, मग पलीकडे तिला परत बसवायचं. आज ती बसलीच नाही. तरातरा चालत गेली आणि माझ्याआधी बाजारात पोचली. येताना फ्लॉवर तिच्या मांडीवर, कांदे माझ्या. तेवढाच जवळ बसल्याचा आनंद.

१२ फेब्रुवारी
अशा गाडीत वजन म्हणजे सर्वस्व. स्टेपनी, जॅक, पायपुसणी काढून टाकली. फरक लगेच जाणवला! बायको म्हणाली, सगळ्यात जड वस्तू स्टिअरिंगमागे बसते. मुद्दा शास्त्रीय आहे. उद्यापासून रात्रीचं जेवण बंद.

१३ फेब्रुवारी
जेवलो. उपाशीपोटी गाडी चालवणं धोक्याचं.

१९ फेब्रुवारी
अण्णांचं ऑपरेशन झकास झालं. आता हळूहळू चालवतात त्यांना. माझी कंबर जरा धरली आहे. दोष ऑफिसच्या खुर्चीचा. साहेबांना स्पष्ट सुनावलं.

बायकोचं टुमणं, अण्णांना आणायला धाकट्या भावोजींची गाडी मागू. माझ्या भावाची गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट! मी साफ उडवून लावलं. अण्णांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. एवढं तरी माझ्या हातून झालंच पाहिजे.

२३ फेब्रुवारी, सकाळी
आज डिस्चार्ज. गाडी चकाचक. डावी सीट पार मागे सरकवली, वर उशी. कंबर ठणकतेय, पण उत्साहापुढे कसली कंबर!

२३ फेब्रुवारी, संध्याकाळी (पडून लिहितोय)
गाडी थेट हॉस्पिटलच्या दारात लावली. अण्णा वॉकर घेऊन पायरीशी उभे, मागे बायको आणि व्हीलचेअर धरलेला वॉर्डबॉय. गाडी बघून अण्णांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांना दार उघडून द्यावं म्हणून उतरायला गेलो आणि कमरेत अशी चमक निघाली की बस्स. अर्धा आत, अर्धा बाहेर. आत जाता येईना, बाहेर येता येईना. बायको आणि वॉर्डबॉयने मला ओढून काढलं. अण्णा वॉर्डबॉयला म्हणाले, त्या खुर्चीत याला बसव, मी चालतो.

बायकोने धाकट्याला फोन केला. कपाटातून घरी आलो. अण्णा पुढे ऐटीत, मी मागे आडवा. लिफ्टपाशी मी धाकट्याच्या गळ्यात पडून उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी अण्णांना विचारलं, काय म्हणतोय पेशंट?

अण्णा म्हणाले, अजून चालता येत नाही हो त्याला.

सगळे हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कमरेमुळेच.