पहिली आले तरी

रविवार, १८ ऑक्टोबर १९८१

आज सोसायटीनं तलावावर बायांची पोहण्याची शर्यत ठेवली होती. साठीला टेकलेली मी एकटीच. जमिनीवर गुडघे रडवतात, पाण्यात मात्र गुडघे आहेत हेच विसरते. पहिली आले, चांगली चार हात पुढं! पण चेअरमन साहेबांनी कप दुसऱ्या आलेल्या सुमनला दिला. मला म्हणाले, "आजी, तुम्ही हौसेनं उतरलात. कप पोरींसाठी हाय." आणि खणनारळ दिला.

बहात्तरच्या दुष्काळात ह्याच तलावाची माती मी डोक्यावर वाहिली. तवा माझं वय कुणी काढलं न्हाय.

सुमन हळूच म्हणाली, "मावशी, कप तुमचाच." ती पोर बोलली तरी. आणि मी? हसून खणनारळ घेतला, वर "लई उपकार झाले" म्हणाले. असं म्हणालेच कशी मी?