पिल्लू अजून भुंकत नाही

लातूर

प्रिय लुंबिनी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. डी.एड.ला असताना सुट्टीत शिरूर अनंतपाळहून तू मला लांबलचक पत्रं लिहायचीस आणि त्यात निम्मं पान तुमच्या म्हशीचं असायचं. मी चिडवायचे, की तुझी खरी मैत्रीण म्हैस, मी आपली नावाला. पुढं तुला शाळा मिळाली, मला फॉल-पिकोचं मशीन मिळालं आणि नशिबानं एकाच गल्लीत समोरासमोर संसार मांडले. मग पत्रांची गरजच उरली नाही. मग दोन वर्षांपूर्वी तुझी बदली उमरीला झाली आणि या मार्चपासून तू गप्पच झालीस. आनंदराजभाऊंना विचारलं की म्हणतात, बरी आहे, कामात आहे. म्हणून हे पत्र. ते कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

गल्लीत तसं सगळं चालू आहे. तुझ्या घरात बँकेतला एक भाडेकरू आलाय, त्याच्या बायकोनं अंगणात तुळस लावलीय. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. अमानचे अब्बा गोलाईच्या बाजारातल्या गादीच्या दुकानात जातात, कापूस पिंजतात, संध्याकाळी येऊन जेवतात. त्यांच्या अंगावरचा कापूस पूर्वी मी दारातच झटकायचे. आता तो तसाच राहतो, त्यांच्याही लक्षात येत नाही आणि माझ्याही.

इकरा शाळेत जात नाही. शाळा उघडली, ती सातवीत गेली, नवं दप्तर खुंटीला तसंच आहे. रोज सकाळी गणवेश घालते, माझ्याकडून वेण्या घालून घेते, दारापर्यंत जाते आणि पोटात दुखतं म्हणून परत येते. एक दिवस मीच हात धरून निघाले. कोपऱ्यावरची कुत्री तुला माहीत आहेत, सावलीत पडलेली असतात. त्यांना बघून ही जागीच थिजली. एक कुत्रं उठलं, भुंकायला लागलं. ही पळाली, मग सगळीच मागं लागली. पुढं चार पोरी हसत खिदळत चालल्या होत्या, त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. ओट्यावरची एक बाई म्हणाली, कुत्र्याला माणूस बरोबर कळतो. मी तिला काय बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

टिप्याला आणलंत तो दिवस तुला आठवत असेल. आनंदराजभाऊंनी त्याला बाजाराच्या पिशवीतून आणलं होतं आणि पिशवीतल्या मेथीत त्यानं मुतून ठेवलं होतं. अमान तेव्हा आत्ताच्या इकराएवढाच होता. आमच्यात कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की ते कपडे नमाजाला चालत नाहीत, त्यानं भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवायचं, हे मी त्याला लहानपणापासून पढवलेलं. कुत्र्याचा राग नाही गं. मुक्या जिवाला दुखवणं हा गुन्हाच. त्याला दुरून भाकरी घालावी, पाणी ठेवावं, पण अंगाला नको. तर हा पठ्ठ्या तुझ्या माळ्यावर एक जुना, ढगळ चौकड्याचा शर्ट ठेवायचा. तो घालून टिप्याशी लोळायचा, मग तुझ्या मोरीत कोपरापर्यंत सात वेळा हात धुवायचा आणि स्वतःचा शर्ट चढवून साळसूदासारखा घरी यायचा. तुम्हा दोघांना वाटायचं मला पत्ता नाही. अगं, हाताला तुझ्या साबणाचा वास यायचा! मी गप्प बसायचे, कारण पोर खूश होतं आणि धुतलं की पाक होतं हे मीच तर शिकवलं होतं.

मला मात्र टिप्या जवळ आला की अंग चोरावंसं वाटायचं. तुझे बाबा गावाकडून आले होते तेव्हा मी अशीच खुर्चीवर पाय घेऊन बसले होते. निवृत्तीकाका हसले नाहीत. ते म्हणाले, “पोरी, आमच्या गावात वरच्या आळीची कुत्री आमच्यावर भुंकायची अन् आमच्या वस्तीतली त्यांच्यावर. कुत्र्याला कोन सांगाया जातंय? मालकाचं अंग कुनाला बघून ताठतंय, ते बघत असतंय ते.” वरच्या आळीत निरोप पोचवायला जाताना ते काठी न्यायचे आणि काठी दिसली की कुत्री आणखीच उसळायची, असंही सांगितलं होतं. मला तेव्हा ती म्हाताऱ्या माणसाची गोष्ट वाटली. आपल्या गल्लीत असलं काही नव्हतं ना.

तू गेलीस, उमरीच्या घरमालकाला कुत्रं चालेना, म्हणून टिप्या शेजारच्या आप्पासाहेबांच्या गेटात आला. आप्पासाहेब वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणते. निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर मोबाईलवर बातम्या बघतात आणि त्यांना सगळ्याची भीती वाटते. टिप्याला पट्ट्यानं धरून संध्याकाळी गेटात उभे राहायचे. दाढीवाला कुणी आला, बुरख्यातली बाई आली, की त्यांचा हात आपोआप पट्टा आखडायचा. त्यांनी ना कधी छू म्हटलं, ना काही शिकवलं. पण गळ्याला हिसका बसला की टिप्या मान वर करून बघायचा, समोर कोण आहे. वर्षभरात तो आमच्यावर भुंकायला लागला. ज्या बुरख्याच्या खिशातून मी त्याला चपातीचे तुकडे टाकले, त्या बुरख्यावर! मला इतकं लागलं, की घरी येऊन मी रडले. कुत्र्यासाठी रडले हे अमानच्या अब्बांना कसं सांगणार, म्हणून कांदा चिरायला घेतला.

मग आमच्यातही तेच झालं. टिप्या दिसला की माझा हात इकराला मागं ओढायचा. मागच्या गल्लीतला एक पोरगा मशिदीतून येत होता, त्याच्यावर टिप्या धावून गेला. त्या रात्री तिकडची पोरं काठ्या घेऊन आली आणि आप्पासाहेबांचे पुतणे गेटाच्या आत उभे राहिले. मध्ये अमान होता. त्यानं दोन्हीकडच्यांना हात जोडले. त्या वेळी निभावलं. पण जाताना ती पोरं बोलून गेली, पुन्हा कुणाला दात लागला तर हे कुत्रं दिसणार नाही.

आता पुढचं, जे तुला माहीत नाही. संक्रांतीच्या सुमारास टिप्या गेटाच्या कोपऱ्यात मलूल पडला होता, तोंडातून लाळ गळत होती. आप्पासाहेब उमादेवींना घेऊन देवणीला लग्नाला गेले होते. कामावरून येताना अमाननं त्याला पाहिलं, आत जाऊन पाण्याचं भांडं पुढं केलं आणि टिप्याचा दात त्याच्या अंगठ्याजवळ लागला. थोडंसं खरचटलं. अमाननं काय केलं असेल? मोटारी दुरुस्तीच्या आपल्या दुकानात परत जाऊन साबणानं सात वेळा हात धुतला, तू गेल्यापासून कामावर घालायचा तो चौकड्याचा शर्ट बदलला आणि घरी आला. मोटारीच्या तारेनं कापलं, म्हणाला. चार-पाच दिवसांत टिप्या मेला. कुणी विष घातलं असेल, असं सगळे म्हणाले. खड्डा अमाननंच खणला. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, बरं झालं, एक भांडण मिटलं.

रमजानमध्ये रोजा सोडायला बसलो आणि त्याच्या घशाखाली पाणी उतरेना. पेला तोंडाजवळ नेला की सगळं अंग आवळायचं. मी म्हटलं, उपाशीपोटी काम करतोस, अशक्तपणा आहे, खजूर खा. दुसऱ्या दिवशी पंख्याचा वारासुद्धा त्याला सोसेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, कुत्रं चावलं होतं का. मी ठणकावून सांगितलं, आमच्यात कुत्र्याला शिवतसुद्धा नाहीत. तेव्हा अमाननं तोंड भिंतीकडं केलं. मग आमच्या बोलीत म्हणाला, “अम्मी, उसकू मारते बोलके मैं नहीं बोल्या.” त्याला मारतील म्हणून बोललो नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धुतलं ते बरोबर केलं, पण तेवढ्यानं भागत नाही, लगेच इंजेक्शनं घ्यायला हवी होती. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मी पोराला सात वेळा धुवायला शिकवलं, लुंबिनी. पुढचं मलाच कुठं माहीत होतं?

अमानचा जनाजा उठला तेव्हा तू आमच्या गेटाबाहेर उभी होतीस. मी पाहिलं तुला. तू आत आली नाहीस आणि मीही बोलावलं नाही. खरं सांगते, त्या वेळी मी तुला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. ते कुत्रं तुझं, माळ्यावरचा शर्ट तुझ्या घरातला. आप्पासाहेबांनाही बोलले. ते बिचारे स्वतःला इंजेक्शनं टोचून घेऊन आले आणि आमच्या ओट्यावर बसून लेकरासारखे रडले. त्यांच्यावर तक्रार करा, असं आमचे लोक अजून सांगतात. मी केली नाही. कुणाविरुद्ध करू? सगळ्यांचेच हात त्यात होते, आणि सर्वांत जवळचा माझा.

आता ऐक, मी का लिहिलं ते. आप्पासाहेबांच्या पुतण्यानं नवं पिल्लू आणलंय, तांबूस रंगाचं, लस टोचून. अजून ते कुणावरच भुंकत नाही. दाढी असो, बुरखा असो, टिळा असो, सगळ्यांकडं शेपूट हलवत जातं. पण परवा मी पाहिलं, आमच्या बाजूचे एक चाचा जात होते आणि आप्पासाहेबांचा हात पट्ट्यावर आखडला. त्यांना कळलंही नसेल. पिल्लानं मान वर करून बघितलं. तेच पिल्लू इकराच्या पायाशी आलं, मी तिला खसकन मागं ओढलं, आणि पोरगी मला म्हणाली, “अम्मी, मैं नहीं डरी थी. तुम खींचे.” तेव्हापासून मला झोप नाही. माझ्यानं हे होणार नाही गं. पिल्लू दिसलं की मला अमानचा तो पेला दिसतो आणि हात ओढतोच. तुझा ओढत नाही. मुठीची पाठ पुढं करायची, डोळ्यांत बघायचं नाही, त्याला वास घेऊ द्यायचा, हे अमानला तूच शिकवलं होतंस. नांदेडला गाडी बदलून रविवारी ये. इकराला घेऊन त्या गेटात उभी राहा, आप्पासाहेबांनाही पट्टा सैल धरायला सांग, तुझं ते ऐकतील. मी घरातच थांबेन. पिल्लू शिकायच्या आत ये. अमानचा चौकड्याचा शर्ट दुकानातून त्याच्या सामानात आला. त्यावर टिप्याचे केस आहेत. मी तो अजून धुतलेला नाही. इकराला मोठा होईल, पण बाह्या दुमडून देईन.

या वेळी आमच्या गेटाबाहेर थांबू नकोस, सरळ आत ये.

तुझीच,
आबेदा