लंडनची घंटा

३ मार्च, सोमवार. रात्री जेवणानंतर.
आजपासून ही वही. फक्त माझ्यासाठी.
आईच्या कानांच्या मशीनसाठी साठवलेले ऐंशी हजार ॲपमध्ये टाकले. इंदिरानगरच्या दुकानात दोन्ही कानांच्या चांगल्या मशीनचे एक लाख साठ हजार सांगतात. म्हणजे फक्त दुप्पट करायचे आहेत. पाडवा ३० तारखेला. घाई अजिबात नाही.
अंजलीला सांगितले नाही. चांगली गोष्ट पूर्ण झाल्यावर बायकोला सांगावी.

४ मार्च
वरच्या मजल्यावरचा जितेंद्र पुण्याचा, आयटीतला; या कन्नड शहरात आपला माणूस. सिग्नल त्यानेच दाखवले. पौंड आणि डॉलर यांच्या भावाचा आलेख, त्यावर सरासरीच्या दोन रेषा. रेषांनी एकमेकींना छेदले की बाण उमटतो. हिरवा म्हणजे पौंड घ्या, तांबडा म्हणजे विका. जितेंद्र म्हणाला, काका, आधी तीन महिने डेमोवर करा, खोट्या पैशांवर. आणि त्या ॲपला आपल्याकडे परवानगी नाहीये हां, सिरियसली.
गेल्या आठवड्यात डेमो तीन दिवस केला. खोट्यात माझे मन रमत नाही.
लंडनचा बाजार आपल्याकडच्या दीड वाजता उघडतो. फॅक्टरीत आमची जेवणाची सुट्टी एक ते दोन. ही योजना कोणाची, ते लिहीत नाही. वर बघून नमस्कार करतो.
लंडन उघडले की फोन वाजेल असे करून ठेवले. आवाज देवळातल्या घंटेचा निवडला.

५ मार्च
अधिक २,३००. कॅन्टीनमध्ये सर्वांना कॉफी पाजली. कारण सांगितले नाही. माझ्या हाताखालचा सुहास म्हणाला, साहेब, नातू झाला की काय? मुलीचे लग्न झालेले नाही. हसलो.

११ मार्च
विचार केला. आमच्या गावात देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाण म्हणजे दुसरे काय?
नियम ठरवला: एका तासाच्या आलेखाचा बाण, तोच शेवटचा शब्द. आपली बुद्धी चालवायची नाही.

१३ मार्च. दुपारी १.३५.
तासाच्या आलेखावर तांबडा. पण पौंड वर जाणार असे आतून वाटत होते. पंधरा मिनिटांचा आलेख पाहिला. तांबडा. पाच मिनिटांचा पाहिला. हिरवा! घेतला.
नियम मोडलेला नाही. पाच मिनिटे तासातच येतात.
दुपारी २. उणे १४,०००.

१७ मार्च
उणे ९,०००. सुहास समोर बसून ताक भुरकतो. चित्त थाऱ्यावर राहत नाही. टेबल बदलणे.

१९ मार्च
सौद्याचे नाव न काढता आईला विचारले, कौल दोनदा लावला तर चालतो का? कानाशी तीनदा ओरडावे लागले. शेजारच्या अक्कांनी दार उघडून पाहिले.
आई म्हणाली, देवान एकदा नाय म्हटला काय परत इचारूचा नसता. तुझ्या काकान विहिरीसाठी तीनदा इचारल्यान. तिसऱ्या खेपेक गुरव कंटाळलो, म्हणान कळी उजवी पडली. विहीर अजून कोरडी आसा.
जुन्या माणसांना तास-मिनिटांची टाइमफ्रेम समजत नाही.

२१ मार्च
या आठवड्यात रोज उणे. शिल्लक ३१,०००. यापुढे अकरा वेळा नाम घेऊनच बटण दाबणे.

२६ मार्च. दुपारी १.४०.
तासाचा तांबडा. पंधराचा तांबडा. पाचाचा तांबडा. एका मिनिटाचा हिरवा.
दुपारी १.५२. शिल्लक ७,२००. नाम अकराऐवजी नऊदाच झाले होते. घाई केली.

२७ मार्च
इंदिरानगरहून अंजलीला फोन आला, मशीनचे पैसे कधी भरताय? तिने मला विचारले. सांगितले. सगळे.
ती बराच वेळ पोळ्या लाटत राहिली. मग म्हणाली, आईंना ऐकू येत नाही तेच बरं, नाहीतर आज त्यांना काय काय ऐकावं लागलं असतं. आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. ओरडली असती तर बरे झाले असते.
देवघरासमोर शपथ घेतली. यापुढे एकही सौदा नाही, ॲप काढून टाकतो.
उरलेले पैसे परत मागवले. ॲप काढून टाकतो म्हटले आहे, कधी ते म्हटलेले नाही. केवळ अभ्यासासाठी ठेवतो. घंटाही असू दे. दीड वाजता मी फॅक्टरीत असतो, घरात कोणाला त्रास नाही.

२८ मार्च
लिफ्टमध्ये जितेंद्र भेटला. म्हणाला, काका, रविवारपासून लंडनची घड्याळं तासभर पुढे जाणार, लक्षात ठेवा. आता मला लंडनशी काय कर्तव्य?

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. अक्कांनी कडुनिंब आणि गूळ आणून दिला. आईने नवे लुगडे नेसून विचारले, आज मशीन येवचा होता ना रे?
अंजली स्वयंपाकघरात गेली. मी काहीतरी पुटपुटलो. आईला ऐकू आले नाही. त्याबद्दल देवाचे आभार मानले, मग तिथे उभे राहवेना.

२ एप्रिल, बुधवार
अर्धी रजा. पैसे परत आले, काही कापून सात हजार. आईला घेऊन आम्ही दोघे इथल्याच शिवाजीनगरला, स्वस्त दुकानात. एका कानाचे मशीन, साडेसहा हजार. दुकानदाराने ते आईच्या उजव्या कानात बसवले, चक्री फिरवली आणि विचारले, अज्जी, केळिस्तिदेया? म्हणजे ऐकू येतंय का. आईला कन्नड येत नाही, पण तिने चमकून त्याच्याकडे पाहिले. अंजलीच्या डोळ्यांत पाणी आले. आठवड्यात पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली.
दुकानातल्या घड्याळात साडेबारा झाले.
माझ्या खिशात घंटा वाजली. लंडन उघडले होते. त्यांच्या नव्या वेळेप्रमाणे, आपल्याकडे तासभर आधी.
आईचा चेहरा उजळला. म्हणाली, देऊळ जवळ आसा काय रे? किती वर्सांनी घंटा आयकली! आणि तिने हात जोडले.
मीही जोडले.
अंजलीने जोडले नाहीत. तिने हात पुढे केला. मी फोन दिला.
बाण कोणता होता, बघायचे राहिले.