वकील आपलाच आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार

गौतमीला उचललं! सिव्हिल लाइन्सच्या फाटकाजवळून, सकाळीच. बगरूच्या कापड-छपाईतल्या धुलाईवाल्या बायका आणि ती. रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसल्या होत्या, एवढंच. रंगाच्या पाण्यात हात घालून घालून त्या बायकांची कातडी गेलीय. हातमोजे द्या, प्यायला वेगळा नळ द्या – दुसरं मागणं नाही. पाट्या मीच लिहून दिल्या होत्या परवा, आमच्या गच्चीवर बसून. एक बाई म्हणाली, "बाबूजी, ये तो छपाई जैसा है." दिवसभर खूश होतो.

दुपारी गंगूबाई ठाण्यावर जाऊन आल्या. गौतमीची आई. मागच्याच गल्लीत राहतात. आमच्यासारख्याच रेल्वेच्या बदलीनं खातीपुऱ्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. खिडकीतून पोर दिसली म्हणाल्या, बाकावर बसवलेली. आत सोडलं नाही.

"भाऊजी, वकील कोन करू? गौतमीनं त्या विभा मॅडमचं नाव सांगून ठेवलं व्हतं. अजमेरच्या."

मीच म्हणालो, अजमेर कशाला? आपला कौशिक आहे की! लगेच फोन लावला.

दिवेलागणीला कौशिक आला. काळा कोट. पाया पडला, इंदूच्या हातचा चहा घेतला. "काका, टेन्शन नका घेऊ. मतलब, मी आहे ना." येतानाच ठाण्यात जाऊन गौतमीची वकालतनाम्यावर, म्हणजे वकीलपत्रावर, सही घेऊन आला होता. ती आधी नको म्हणत होती म्हणे. 'काकांनी सांगितलंय' म्हटल्यावर केली. माझीही एक सही घेतली, कोऱ्या वकालतनाम्यावर – बेकायदा डांबल्याबद्दल हायकोर्टात जावं लागलं तर अर्ज तुमच्या नावानं करू, म्हणाला.

केवढा पुढचा विचार! ऊर भरून आला.

५ फेब्रुवारी

आज कोर्टात आणलंच नाही. कौशिक म्हणतो उद्या.

हातात काही काम नाही, म्हणून जुनं आठवत बसलो. मंडळाच्या हॉलमधला माझा रविवारचा मराठी वर्ग. कौशिकचे वडील फौजेत, घरात अर्धी हिंदी. पण हा नावाड्याची कविता म्हणायला उभा राहिला की आया पदर डोळ्याला लावायच्या. मूर्तिजापूरच्या शाळेत आम्ही तीच म्हणायचो, खिडकीबाहेर कडुनिंब, फळ्यावर खडूची धूळ... पुरात नाव घालणारा तो म्हातारा, शेवटचं माणूस चढेस्तोवर वल्हं खाली न ठेवणारा – 'कोण राहिले पैलतीरी, हाक द्या हो, हाक द्या!' कौशिकचा आवाज शेवटच्या 'हाक द्या'ला असा चढायचा की अंगावर काटा यायचा.

गौतमी दुसऱ्या कडव्यालाच अडायची. वर विचारायची, "काका, त्याला हाक ऐकूच नाही आली तर?"

मी रागवायचो. कवितेला असले प्रश्न विचारतात का!

इंदू आत्ता ओरडली, "काहून जी, पेनच खाता का आज? पोळ्या थंड झाल्या."

६ फेब्रुवारी

जेल. सरकारी कामात अडथळा, शिपायाला धक्काबुक्की, कायकाय लावलंय. मी कोर्टाच्या दाराबाहेर, गर्दीत. पोर नेताना दिसली. हात ओढणीत गुंडाळलेला. माझ्याकडे बघितलं, हसली नाही.

कागदावर अटक बुधवार संध्याकाळची, म्हणजे चोवीस तासांत कोर्टात आणल्यासारखं दिसावं! अहो, मंगळवारी सकाळी नेली. दुपारी ठाण्यात गंगूबाईंनी डोळ्यांनी पाहिली. मी गार्ड होतो, गाडी सुटल्याची वेळ एवढी खोटी लिहिली असती तर घरी बसवलं असतं मला.

कौशिकला विचारलं. "काका, एक दिवस इकडे-तिकडे होतो. पहिल्याच दिवशी जजसाहेबांना चिडवायचं नसतं."

"आणि मारहाण?"

"अजिबात नाही. मी स्वतः पाहिलं ना!"

बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

वर्ग घेतला. मुलं तीनच. नावाड्याची कविता घेणार होतो, का कोण जाणे, नाही घेतली.

११ फेब्रुवारी

गंगूबाई जेलमधल्या मुलाखतीहून आल्या त्या थेट आमच्या ओसरीत बसल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊजी, उजवा हात मनगटापासून सुजलाय तिचा. घास डाव्या हातानं घेते. मंगळवारच्या राती काठी घातली म्हने."

"पण कौशिक तर..."

"त्यानं पाह्यलं नं हात! कोर्टात जजनं इचारलं, कोई शिकायत? पोरीनं तोंड उघडलं तं ह्यो मधातच – कोई शिकायत नहीं, सर."

इंदूनं माझ्याकडे फक्त पाहिलं. चाळीस वर्षांत तिचं असं पाहणं दोनदाच आलंय वाट्याला.

मी अजूनही म्हणत होतो, काही गैरसमज असेल. लिहितानाही तेच लिहायला हात वळतोय. काय म्हणावं मला!

१२ फेब्रुवारी

कौशिकच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर मंडळाच्या गणपतीचा फोटो – मी, तो, गौतमी, हातात लेझीम.

आधी गोड बोलला. मग दार लावून घेतलं.

"काका, सरकारी वकिलांची नवी यादी निघतेय. माझं नाव पुढं गेलंय. मतलब, अशा वेळी पोलिसांवर मारहाणीचा आरोप मी करू?"

"मग केस घेतलीस कशाला?"

"मी नसती घेतली तर त्या अजमेरवालीनं घेतली असती. तिनं सगळं ठाणं उभं केलं असतं कोर्टात. काय झालं असतं? पोलिसांनी अजून चार कलमं लावली असती. मी सॉफ्टली करतोय. थोडे दिवस आत राहील, गप्प बसेल, सुटेल. आपण बाहेरचे लोक, काका. आपल्याला इथंच राहायचंय."

"म्हणजे तू तिच्या बाजूनं उभा राहिलास ते दुसरं कोणी उभं राहू नये म्हणून?"

"काका, तुम्ही कवितेत बोलताय."

उठलो. पायऱ्या उतरताना लक्षात आलं, पायरी दिसत नाहीये. डोळ्यांत पाणी होतं.

१३ फेब्रुवारी

दिवसभर कोर्टाच्या आवारात. लिंबाखाली टेबलं मांडून बसलेले वकील. सगळ्यांचं तोंडपाठ एकच: "पहले कौशिक जी से एनओसी ले आइए, बाबूजी." आधीच्या वकिलानं हरकत नाही म्हणून लिहून दिल्याशिवाय दुसरा हात लावत नाही, अशी इथली रीत. कौशिक फोन उचलत नाही. एक जण तर हसत हसत हात झटकून म्हणाला, "अपने ही भाई का केस कौन छीने?"

भाई! आणि आत बसलेली कोण?

एकट्या कौशिकनं फसवलं असतं तर मनातला एकच कप्पा रिकामा झाला असता. इथं काळ्या कोटांची अख्खी रांग. सगळे सभ्य, सगळे 'बैठिए बाबूजी' म्हणणारे. पोलिसांनी काठी घातली. पण काठी घातल्यावर दार लावून घेणारे हे.

इंदू म्हणाली, "आता तरी त्या विभाबाईले फोन करता का, की ते बी कवितेत लिवून ठेवता?"

केला.

१४ फेब्रुवारी

विभाजी अजमेरहून बसनं आल्या. साठीच्या असतील, गुडघा दुखतो, एक पिशवी, तिच्यात जाड पुस्तक आणि संत्री. मी एनओसीचं रडगाणं सुरू केलं.

"बाबूजी, वो रिवाज है, क़ानून नहीं," संत्रं सोलता सोलता म्हणाल्या. "वकील मुवक्किल का होता है, मुवक्किल वकील का नहीं. लड़की बस लिख दे कि हटाती हूँ."

एवढंच? एवढंच! आणि त्या सगळ्यांना हे ठाऊक होतं!

चिडून विचारलं, मग ते सगळे नाही का म्हणाले? त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "डरते हैं. डरने की फ़ीस नहीं लगती ना."

१७ फेब्रुवारी, सोमवार

विभाजी जेलमध्ये जाऊन आल्या. गौतमीनं कौशिकला हटवल्याचा कागद. खाली सही नाही – अंगठा.

माझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेली, एम.ए. झालेली पोर. उजव्या हातात पेन धरवत नाही, डाव्या हाताची सही जुळणार नाही, म्हणून अंगठा. जेलरनं शेजारी शिक्का मारलाय. तो निळा ठिपका मी कितीतरी वेळ बघत बसलो.

१८ फेब्रुवारी

जामीन! विभाजी अर्धा तासही बोलल्या नसतील. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाल्या, हात दाखव, बेटा. गौतमीनं हात वर केला. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. वैद्यकीय तपासणीचा हुकूम, ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं मंगळवारपासूनचं चित्रण हजर करण्याचा हुकूम. सरकारी वकील खाली बघत होता. कौशिक मागच्या बाकावर येऊन बसला होता, मधेच उठून गेला.

संध्याकाळी गंगूबाईंनी गल्लीभर रव्याचा शिरा वाटला.

२३ फेब्रुवारी, रविवार

वर्गाला गौतमी आली. हाताला प्लास्टर. मुलं त्यावर नावं लिहायला धावली. सगळे गेल्यावर मी म्हणालो, "माझं चुकलं, पोरी. मी त्याचं नाव..."

"काका, मी तुमच्या नावावर सही केली. त्याच्या नाही."

कसं घ्यायचं हे? ती रागानं नाही बोलली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "आत ती कविता म्हणायला बघत होते. मतलब, टाइमपास. दुसऱ्या कडव्याला अडले."

"मग?"

"मग काय! शेजारच्या बाईला हाक मारली. ती धावून आली, तिला वाटलं काही दुखतंय."

दोघंही हसलो. किती दिवसांनी!

२४ फेब्रुवारी

मला नोटीस! पाट्यांवर भडकावू मजकूर लिहिला, घरात बेकायदा जमाव भरवला. शांतता राखण्याचा बाँड का घेऊ नये, उद्या येऊन सांगा. सांगायचं कोणाला, तर पोलिसांच्याच एका साहेबाला. पकडणारे तेच, बाँड घेणारेही तेच.

इंदू म्हणते, "हातमोजे मांगनं भडकावू असते काय जी? मंग मी रोजच भडकावते तुमाले, भाजी आणा म्हनून."

भीती नाही वाटत. खरंच नाही. विभाजींना फोन केला. म्हणाल्या, सकाळी येते.

२५ फेब्रुवारी

विभाजींनी आधी जाऊन फाईल काढून पाहिली. माझ्या वतीनं वकील काल दुपारीच हजर झालाय. कौशिक. लिहून दिलंय – वृद्ध गृहस्थांना चूक मान्य आहे, बाँड द्यायला तयार आहेत, यापुढे अशा लोकांना घरात घेणार नाहीत. सोबत वकालतनामा. खाली माझी सही, छपाईसारखी.

हायकोर्टासाठी घेतलेली.

कोरा कागद घेतला. हिंदीत लिहिलं: मी माझा वकील हटवतो. चूक मान्य नाही. पाट्या मी लिहिल्या, पुन्हा लिहीन.

सही केली नाही. माझी सही त्याच्याकडे आहे. अंगठा लावला.