गोदामातला खांब

१५ जानेवारी

चावी मिळाली!!

बाबांनी जेवताना ती माझ्या ताटाशेजारी ठेवली. (बाबा म्हणजे सासरे, पंजाबराव.) म्हणाले, "गोदामाची हाय. हरभरा निघते तोवर वापर." आणि भाकरी मोडायला लागले. कशाला पाहिजे, काय करणार, काही नाही! आठवडाभर न्हाणीत उभी राहून उत्तर पाठ केलं होतं, ते वाया जाणार म्हणून मीच न विचारता देऊन टाकलं — "व्यायामाचा वर्ग आहे बाबा, बायकांसाठी. मल्लखांबासारखंच असतं. थोडंफार."

बाबा म्हणाले, "हं."

गोविंदाला ठसका लागला. नवऱ्याला सगळं माहीत आहे. पुण्यात नोकरी करताना मी चार वर्षं काय शिकले, ते त्यानं स्वतः बघितलंय. पोल डान्स, म्हणजे स्टीलच्या खांबावर चढून गरगर फिरायचं. आणि सिल्क, म्हणजे छताला टांगलेल्या लांब कापडात स्वतःला गुंडाळून उलटं लटकायचं. पण अमडापुरात "पोल डान्स" म्हटल्यावर पुढचं वाक्य ऐकायला कोण थांबणार? मल्लखांब म्हटलं की पाठ थोपटतात. म्हणून मल्लखांब. एवढीशी थाप! कोणाचं काय बिघडतंय.

१९ जानेवारी

धाडहून राजकुमार वेल्डर आला, स्टीलचा पाइप गर्डरला जोडून खांब उभा केला. खालपासून वरपर्यंत खांब बघितला, डोकं खाजवलं. "ताई, वर तं सिलॅब बी नाही. हा खांब कायले टेकू देऊन राह्यला?" म्हटलं, व्यायामाला. "पाइपावर?" — आणि मग दिवसभर माझ्याशी जरा जपूनच बोलत होता.

कापडासाठी गर्डरला कडी लावून घेतली. माझं वजन पेलेल का हे बघायला सोयाबीनची दोन पोती तिथं टांगली आणि दिवसभर तशीच ठेवली. संध्याकाळी आई (सासूबाई, गोजरबाई) डोकावून गेल्या. "पोत्याईले झोका देऊन राह्यली काय व?"

कडी हलली नाही. मी पोत्यांपेक्षा हलकी आहे हे लेखी असू द्यावं.

२६ जानेवारी

आमच्याकडचं हळदीकुंकू. गावात या महिन्यात घरोघरी स्टीलच्या वाट्या वाण म्हणून फिरतायत, आमच्या मांडणीत सव्वीस झाल्या. मी वाण दिलं टाल्कम पावडरचा डबा! आणि प्रत्येकीच्या कानात सांगितलं — गोदामात या, कशाला ते तिथं कळेल.

सात जणी आल्या. मी सांगितलं की खांब कोरडा ठणठणीत लागतो. आधी स्पिरिटनं पुसायचा, मग हाताला पावडर, तरच पकड बसते. बनाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, अंगणवाडीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. त्यांनी आधी पावडर तोंडाला लावली.

रुखमाबाई आल्या नाहीत. बचत गटाच्या अध्यक्ष त्या, त्यांच्यावाचून गावात बायकांचं पान हलत नाही. निरोप आला — "मोबाइलवर पाह्यलं म्या. हे बारमधलं हाय ना?"

३ फेब्रुवारी

मोठी अडचण. पोलला उघडी कातडी लागते. मांडी, पोटरी, दंड. कापड मध्ये आलं की माणूस घसरतो. आणि माझ्या वर्गात सहा साड्या, एक पंजाबी ड्रेस! "अर्धी चड्डी" एवढं म्हटलं तर बनाबाई चपला शोधायला लागल्या.

दोन दिवस डोकं फिरलं होतं. आज दुपारी एकटीच गेले, आणि सुचलं! सिल्कला कातडी लागत नाही. तिथं कापडच कापडाला धरतं. मग दोन्ही एकत्र का नाही? कापड खांबाच्या अगदी जवळ टांगायचं. कमरेला, मांडीला कापडाचे वेढे — वजन त्यानं घ्यायचं. खांबाला फक्त हात, फिरायला. अंगभर लेगिंग, वर कुर्ता खोचलेला, इज्जत शाबूत!

तीन तास एकटी फिरत होते. पुण्यात असं कोणी केलेलं मी पाहिलं नाही. अमडापुरात झालं! इतका आनंद झाला की रडायला आलं. थोडंसंच. मग उलटी लटकलेली असल्यामुळे ते कपाळावर गेलं.

१० फेब्रुवारी

हाताची पार वाट लागलीय. दोन्ही तळवे सोललेले, दंडावर निळे-जांभळे चट्टे. दिवसाला पाच तास सराव म्हटल्यावर होणारच.

गिरणीत रुखमाबाई भेटल्या. पिठाचा डबा बाजूला ठेवून माझा हात हातात घेतला आणि हळूच — "गोविंदा हात उचलते काय व? लाजू नको. बचत गट तुह्या मांगं उभा राहीन."

गोविंदा! जो पालीला घाबरून माझ्या मागे उभा राहतो तो! मी इतकी हसले की त्यांना वाटलं मी रडतेय. त्यांनी मला पाणी पाजलं. बाई तशी वाईट नाही बहुतेक.

रात्रीच्या जेवणाला भाकरी वाढताना बाबांची नजर माझ्या तळव्यावर गेली. बराच वेळ तिथंच होती. म्हटलं, आता विचारतील. "हं," म्हणाले, आणि ताक मागितलं.

१६ फेब्रुवारी

बनाबाई वर गेल्या!!! सहा फूट. उतरायला तयार नाहीत. "थांब व, मले खिडकीतून आमचं घर दिसून राह्यलं." त्याच जोशात ठरलं, महिला दिनाला हे गावासमोर करून दाखवायचं.

२० फेब्रुवारी

आज ते विचारलंच, जे महिनाभर टाळत होते. हरभरा सोंगायला आलाय, मार्चमध्ये पोती येणार. पोती आली की आम्ही बाहेर. आणि अमडापुरात एवढं उंच छत दुसरीकडे कुठंच नाही. मी शोधून थकले. समाज मंदिरात पंखा डोक्याला लागतो. म्हणजे गोदाम गेलं की वर्ग गेला. बनाबाई, त्यांचं ते घर दिसणं, माझं खांब-कापड — सगळं बंद. मी पुन्हा घरून कामाच्या लॅपटॉपपुढे बसून कंबर धरणार.

म्हटलं, "बाबा, गोदाम पुढेही ठेवता येईल का?"

बाबांनी पानाला चुना लावला. "महिला दिनाचा प्रोग्राम हाय ना तुमचा? पाह्यतो. मंग सांगतो."

बाबांच्या मानानं हे भाषणच झालं. आईंना विचारलं, त्यांच्या मनात काय असेल हो? आई म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाले, मले नाही समजलं. लगनाच्या आंधी धामणगाव बढ्याले तालमीत पडून राहेत. बोलनं तिथंच इसरून आले."

म्हणजे आठ मार्चला मी जे करेन त्यावर सगळं!

१ मार्च

रुखमाबाई कार्यक्रमाला तयार झाल्या! गावचा महिला मेळावा गोदामातच घ्यायचा. अटी दोन. एक, पत्रिकेत "पोल" हा शब्द नको, "खांब-वस्त्र कसरत" छापायचं. दोन, आधी खांबाची पूजा. "नवं मशीन आणलं तं आपन कुंकू लावतोच ना? मंग खांबाले काऊन नाही?"

हे मात्र मला आवडलं.

७ मार्च

जेवण जात नाही. गोविंदा म्हणतो, पडलीस तरी मी टाळ्या वाजवेन. शहाणाच आहे.

८ मार्च

पडले.

९ मार्च

आज नीट लिहिते. काल पेन धरवत नव्हता.

सकाळी दहाला मी स्वतः खांब पुसला. स्पिरिटनं, दोनदा. चावी बाबांकडे दिली, त्यांना खुर्च्या लावून घ्यायच्या होत्या. घरी आले तर आईंची शोधाशोध — "माह्या गुडघ्याचं येरंडेल कोन नेलं? बाटलीच्या बाटली गेली!" माझं लक्ष कुठं असणार.

तीन वाजता गोदाम गच्च. दोनशे तरी बाया, पोरंबाळं खिडक्यांत. बाबा एकदम मागे, दाराशी, हाताची घडी घालून. रुखमाबाईंनी समई ठेवली, नारळ फोडला, खांबाला हळदकुंकू लावलं. मी तेवढं पुसून घेतलं. हाताला पावडर लावली. गाणं सुरू. ऐटीत दोन पावलं पळत आले, उडी मारून उंच हात घातला —

आणि साबणाची वडी धरावी तसा हात सुटला! दुसऱ्या हातानं पकडायला गेले, तोही. सर्रकन खाली, धप्पकन जमिनीवर, पाय पसरून. गाणं चालूच.

एक पोरगं हसलं, आणि मग दोनशे. मी बाबांकडे बघितलं. ते पुढं वाकून बघत होते, कपाळाला आठ्या. मनात आलं, गेलं गोदाम.

पुढचं मी ठरवून केलं नाही. हात चकाकत होते, ते कापडाला खसाखसा पुसले आणि कापडावर चढले. त्याची गाठ पायात बसते, हात ओले असले तरी चालतं. दहा फुटांवर गेल्यावर कापडाच्या लोंबत्या टोकाचे खांबाला तीन वेढे दिले आणि त्या वेढ्यांना धरून फिरले. खांबाला हात न लावता! उलटी झाले, पाय फाकले, दोन्ही हात सोडले. खालून बनाबाईंनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. अठ्ठावन्न वर्षांची बाई! मग सगळं गोदाम टाळ्या पिटत होतं. गोविंदा खुर्चीवर उभा.

बाबा मात्र दाराशी नव्हते. निघून गेले होते.

हात हुंगले. तेल! निव्वळ तेल. पुसलेल्या खांबावर तेल येतं कुठून? पूजा कोणी घातली? समई कोणी आणली? पहिल्या दिवसापासून कोणाला हे बारमधलं वाटत होतं?

रुखमाबाई!!

११ मार्च

आज गिरणीत त्यांना गाठलंच. दहा जणींसमोर. म्हटलं, "समोरून बोलायचं होतं ना. तेल लावून पाडायची काय गरज होती?"

रुखमाबाई म्हणाल्या, "अवं, समई तं म्या पेटोलीच नाही. वारं सुटलं होतं. तेल घातलंच नाही तिच्यात." त्यांनी हात छातीवर ठेवला. "म्या पाडीन तुले? म्या?"

वा! किती साळसूद! मी डबा उचलून निघून आले. अर्धं दळण तिथंच राहिलं. वाटेत जरा कसंतरी वाटलं, पण मी मागे वळले नाही.

घरी बाबा तीन दिवसांत एक अक्षर बोलले नाहीत. "हं" सुद्धा नाही. उद्या शेतात हरभऱ्याला मळणीयंत्र लागतंय. मला काय ते समजलं. राजकुमारला फोन करून सांगितलं, शुक्रवारी ये आणि खांब कापून ने. तो म्हणाला, "काऊन ताई? आमच्या बायकोले यायचं होतं ना तिथं."

मग मात्र रडले. या खेपेला सरळ उभी राहून, गालांवरून.

१२ मार्च

निदान खांब स्वच्छ करून परत द्यावा म्हणून सकाळी स्पिरिट आणि फडकं घेऊन गेले. खुंटीवर चावी दिसली नाही, आणि गोदामाचं कुलूप उघडं. आत बाबा. सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या, पायाशी हळदीकुंकवातली स्टीलची वाटी, तिच्यात एरंडेल. आणि खांबाला खालून वर, खालून वर तेल चोळतायत.

मला बघून थांबले नाहीत. पण बोलले. एका दमात इतकं की मी दाराला धरून उभी राहिले.

"त्या दिवशी तेल कमी पडलं, सूनबाई. माही चूक झाली, बाटलीत होतंच तेवढं. तुले तोंड दाखवू वाटे ना. काल चिखलीहून मोठी बाटली आणली. बढ्याले आमच्या मल्लखांबाले आम्ही पावशेर येरंडेल जिरवत होतो, तवा कुठं अंग सुखानं फिरे. तू बिनतेलाच्या खांबावर हात सोलून घेऊन राह्यली, ते म्या महिनाभरापासून पाहून राह्यलो ना. हरभरा बढ्याले लहान्या भावाच्या घरी टाकतो. चावी घे, राहू दे तुह्याजवळ."

आणि मी गिरणीत कोणाशी भांडून आले! देवा!

मी फडकं पाठीमागे लपवलं आणि म्हटलं, "हो बाबा. कमीच पडलं."