श्रावणातला हॅलिबट

३ ऑगस्ट, रविवार

पोचलो एकदाचे. शेवटचं विमान एवढंसं, की पायलटने चढण्याआधी प्रत्येकाला वजन विचारलं. सगळ्यांसमोर! मी सांगून टाकलं. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

लॉज लाकडी. स्वच्छ. समोर खाडी, मागे डोंगर, ऑगस्टमध्ये स्वेटर. अलास्का! मालकीण डोना स्वतःच रांधते. मुलगा वेदांत चँडलरहून आला, आम्ही दोघं वेस्ट विंडसरहून, अमेरिकेच्या दोन टोकांहून. सगळी आखणी त्याची. "बाबा बरे झाले ना, सेलिब्रेट करू या. आठवडाभर नुसतं फिशिंग." त्र्यंबक वेंगुर्ल्याचे. मासा म्हटलं की ह्यांचं वय निम्मं होतं.

पण चिरंजीवांनी कॅलेंडर पाहिलं नाही. ऐन श्रावणात बुकिंग! आणि ह्या वर्षीचा श्रावण साधा नाही, नवसाचा आहे. मागच्या उन्हाळ्यात ह्यांच्या घशाला रेडिएशन चालू होतं, तेव्हा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी शंकराला बोलले होते. हे वाचू देत, पुढचा श्रावण हे पूर्ण पाळतील, मासा तोंडात घालणार नाहीत. गाठ गेली. स्कॅन स्वच्छ आला. नवस फेडायचाच.

"कॅन्सल कर," मी म्हटलं होतं. "आई, नॉन-रिफंडेबल आहे." मग अट घातली. धरा हवे तेवढे, खायचे नाहीत.

"धरलेलं चालतं, खाल्लेलं नाही? हे कुठल्या शास्त्रात आहे?" वेदांत.

"माझ्या."

त्र्यंबक म्हणाले, "चालेल की. नाहीतरी मला कुठे चव लागतेय?"

खरंच आहे ते. गाठीबरोबर चवही गेली. डॉक्टर म्हणतात येईल, केव्हा ते सांगता येत नाही. साखर आणि खडू ह्यांना सारखेच.

४ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. साबुदाणा घरून आणलेला, रात्रीच भिजवून ठेवला होता. डोनाच्या स्वयंपाकघरात खिचडी केली. तिने पातेल्यात डोकावून विचारलं, हे गोडाचं पुडिंग आहे ना? म्हटलं, उपासाचं आहे. तिने एक चमचा खाल्ला, मग वाटीभर मागून घेतली. उपास करणारी मी, खिचडी संपवली तिने!

बोटीवर गेले. चूक. उपाशी पोटी उलट्या. बोटवाला टॉड म्हणाला, मॅडम, क्षितिजाकडे बघा. क्षितिज स्वतःच वरखाली होत होतं. 

त्र्यंबकांना मात्र पहिल्याच तासात हॅलिबट लागला. केवढा चपटा प्राणी! परातीएवढा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. ह्यांनी आनंदाने आरोळी ठोकली आणि मग माझ्याकडे पाहिलं. आणि तो मासा शेजारी उभ्या दोन म्हाताऱ्या भावांना देऊन टाकला. मिनेसोटाचे आहेत, शेतकरी. थोरला म्हणाला, असा जोडीदार जन्मात भेटला नाही, धरतो आणि वाटून टाकतो! सगळे हसले. त्र्यंबकही हसले.

उद्यापासून मी जमिनीवर.

५ ऑगस्ट, मंगळवार

रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना भाजलेला हॅलिबट. त्र्यंबकांना मी केलेला वरण-भात, मेतकूट, लोणच्याची फोड. "कसं झालंय?" "छान." 

आता सगळ्यालाच छान म्हणतात. आधी काय होतं! वरणात हिंग मागे पडला, भात एक आच जास्त, भाजीला गूळ कशाला. लग्न झाल्यापासून ऐकत आले. माझं एम.एस्सी. केमिस्ट्री, अख्खी नोकरी औषध कंपनीच्या लॅबमध्ये नमुने तपासण्यात गेली, आणि घरी मला तपासणारा हा माणूस! किती भांडले असेन. आता घरात शांतता आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

हे लिहू नये असं वाटतंय. म्हणून लिहिते.

बुधवारी इथे हॅलिबट धरायला बंदी आहे. सगळे सॅमनसाठी गेले. मी व्हरांड्यात विणत बसले. बोट परत येताना दिसली तशी धक्क्यावर गेले. त्र्यंबक उतरले. डोळे लाल. पण चेहरा असा, की खिशात काहीतरी दडवून आणलंय. जॅकेटवर तेलकट डाग.

"खाल्लंत?"

"नाही गं."

वेदांत एकदम पाण्याकडे बघायला लागला. त्यावरून कळलंच.

मग मी काय केलं? ह्यांची हनुवटी धरली. "तोंड उघडा," म्हटलं. आणि वास घेतला. टॉड होता, ते दोघे भाऊ होते, माझा मुलगा होता. शहात्तर वर्षांचा माणूस, ज्याने आयुष्यभर पूल बांधले, तो तोंड उघडून उभा राहिला. वर्षभर डॉक्टरांपुढे उभा राहायचा तसा. इतक्या मुकाट्याने!

माशाचा वास आला. लोण्याचा आला.

एवढ्यावर थांबले असते तरी. पण मी मुद्दाम इंग्रजीत म्हटलं, सगळ्यांना समजावं म्हणून. देवाला दिलेला शब्द मोडलाय ह्यांनी. आणि वर खोटं बोलतायत.

कोणी हसलं नाही. थोरल्या भावाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, कुणाच्या दफनाला धरतात तशी. त्र्यंबक म्हणाले, "सॉरी." मला नाही — टॉडला! त्याच्या बोटीपाशी तमाशा झाला म्हणून.

मला राग आहे अजून. राग आहे, असंच लिहिते.

७ ऑगस्ट, गुरुवार

राग नाही. काही उरलंच नाही.

सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. डोना पावाचं पीठ मळत होती. काल ती धक्क्यावर नव्हती, तिला काही माहीत नाही. म्हणाली, "तुला विचारायचंच होतं. लिंबू म्हणजे काय?"

"कुठे ऐकलंस?"

"टॉडने सांगितलं. तुझा नवरा काल सारखं तेच म्हणत होता."

मग तिने सांगितलं. दुपारी बोट एका वाळूच्या किनाऱ्याला लावली होती. टॉडने ताजा सॅमन निखाऱ्यावर भाजला, वर लोणी, वर लिंबू पिळलं. त्र्यंबक नको म्हणाले, दोनदा म्हणाले. तरी टॉडने आग्रहाने ताटली हातात दिली, तेव्हा त्याचं मन मोडायला नको म्हणून एक घास घेतला. आणि तिथेच थांबले. "लिंबू," म्हणाले. "लिंबू! वेदांत, लिंबू!" आणि रडायला लागले. टॉड घाबरला. त्याला वाटलं, घशात काटा अडकला! पाठीवर थापा मारायला धावला. मग वेदांत रडायला लागला, मग ते दोघे भाऊ. का रडतायत ते कळेपर्यंत सगळे रडत होते.

"लिंबू म्हणजे लेमन," मी म्हटलं.

"अगं, म्हणजे त्याला चव आली!" डोनाने पिठाच्या हातांनी मला मिठी मारली. "किती खूश असशील तू!"

मी तशीच उभी. पाठीवर तिच्या हातांचं पीठ.

वर्षभर मी ह्याचीच वाट पाहिली. रोज ताट समोर ठेवलं, रोज चेहऱ्याकडे पाहिलं. आज लागेल, उद्या लागेल. आणि ती चव आली त्या दिवशी मी काय केलं? त्याच तोंडाचा वास घेतला. चोराचा घेतात तसा.

वेदांतला बाहेर गाठलं. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो, आई. श्रावण संपल्यावर. बाबांचा प्लॅन होता. घरी गेल्यावर तुझं वरण खायचं आणि म्हणायचं, आज चव आली. फर्स्ट टेस्ट तुझ्या हातची, असं तुला वाटावं म्हणून."

"म्हणजे खोटं."

"हो, खोटं. बट अ नाइस वन." मग म्हणाला, "आणि घाबरले पण होते."

"कोणाला?"

"आई, कमॉन."

दिवसभर एकच विचार. मी तर मासा खातच नाही. सदाशिव पेठेतलं माहेर, आयुष्यात माशाला शिवले नाही. घरी हे गॅरेजमध्ये वेगळी शेगडी मांडून आपले आपण तळतात. म्हणजे देवाला मी काय दिलं? माझं काहीच नाही. त्यांना आवडणारी एकच गोष्ट होती, ती उचलून दिली. त्यांना न विचारता. ते तेव्हा नळीने जेवत होते, विचारलं असतं तरी बोलता आलं नसतं. आणि वर वर्षभर मान ताठ, की मी ह्यांच्यासाठी नवस केला!

८ ऑगस्ट, शुक्रवार

नाश्त्याला डोनाने भाजलेला सॅमन ठेवला होता. मी ह्यांच्या पुढे ताटली सरकवली. "घ्या."

"नको. श्रावण आहे."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. अगदी सरळ म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून. मग माझ्या पोह्यांची बशी घेतली.

"छान झालेत," म्हणाले.

त्यांना आता चव कळते. पोह्यात मी मीठ घालायलाच विसरले होते.

माफीचा शब्द मला येत नाही असं नाही. दुसऱ्यांकडून किती वेळा मागून घेतलाय.

९ ऑगस्ट, शनिवार

आज नारळी पौर्णिमा. वेदांतने कॉफी ओतता ओतता सुरू केलं, "आई, बाबा म्हणतात वेंगुर्ल्याला आजी नारळी पौर्णिमेनंतर मासे करायची. सो टेक्निकली —"

"नवसात टेक्निकली काही नसतं."

त्र्यंबक म्हणाले, "जाऊ दे रे."

पण मी पहाटेच खाडीशी जाऊन आले होते. नारळ कुठला मिळायला? हात जोडले. म्हटलं, ह्यांचा मासा परत करतेय. तो माझा नव्हताच द्यायला. त्याऐवजी माझा चहा घे. श्रावणापुरता नाही, कायमचा. कॉलेजात होते तेव्हापासून सकाळ चहाशिवाय उगवली नाही माझी. दुपारपासून डोकं ठणकतंय. ठणकू दे.

शेवटचा दिवस म्हणून बोटीवर गेले. आल्याचा तुकडा तोंडात धरून. त्र्यंबकांना मोठा हॅलिबट लागला. रॉड पार धनुष्यासारखा. रेडिएशननंतर ह्यांच्या खांद्यांत जोर नाही, दोनदा पुढे ओढले गेले. वेदांत रॉड घ्यायला धावला. "हात लावू नकोस," त्र्यंबक ओरडले. ह्यांचा हा दरडावणारा आवाज वर्षभर ऐकला नव्हता! मी उठले आणि मागून ह्यांचा कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. टॉड म्हणाला, मॅडम, आता तुम्हीच नांगर.

किती वेळ तशी उभी होते, माहीत नाही. ह्यांची पाठ समोर. तोंड दिसत नव्हतं म्हणून जमलं.

"चुकलं माझं," म्हटलं. "धक्क्यावरचं. आणि नवसाचंही. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

रील करकरत होती. ऐकू गेलं की नाही, कळेना. मग पाठ न वळवता म्हणाले, "आधी पट्टा नीट धर. पडेन."

धरला.

मासा वर आला. वाटून टाकला नाही. टॉडने साफ करून पांढरेशुभ्र तुकडे हातात दिले. ह्यांना चहाचंही सांगितलं. "एवढं कशाला?" म्हणाले. म्हटलं, माझा आहे, मी देतेय, तुम्ही मधे पडू नका.

आता डोनाने एक शेगडी मोकळी करून दिली आहे. हळद आहे, तिखट आहे, उपम्याचा रवा आहे. ह्यांना तळताना गॅरेजच्या दारातून नाक धरून पाहिलंय, तेवढीच माहिती. माशाला मीठ किती लागतं? चाखून बघणं मला जमणार नाही. विचारायचं कोणाला? त्यांना विचारणार नाही. जाते.

१० ऑगस्ट, रविवार

काल पहिला घास घेऊन म्हणाले, "छान."

भरल्या टेबलावरून उठून जावंसं वाटलं. त्यांनी दुसरा घास घेतला. चावता चावता थांबले. मान तिरकी केली, भुवई वर. ती जुनी भुवई!

"मीठ जास्त झालंय, सुलभा."